मयताशी नातं

दवाखान्यात टेबलामागं बसलेल्या पोरीनं मला विचारलं, "पेशंटचं तुम्ही कोण?" आणि मी सांगितलं, "आई."

आता तुम्ही म्हणाल, कशाला सांगितलं? वा रे वा! आत एक जवान पोरगं डोकं फुटून पडलंय, डॉक्टर म्हणतोय आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायचं, नातेवाइकाची सही आणा, सहीशिवाय मी हात लावणार नाय. तिथं काय सांगू? घरमालकीण? घरमालकिणीच्या सहीवर कुणी कवटी उघडतं का? म्हणाले आई, आणि ठोकली सही. त्या पोरीनं एकदा माझ्या नऊवारीकडं बघितलं, एकदा स्ट्रेचरवरच्या त्या सहा फुटी सुदानी पोराकडं बघितलं, आणि लिहून घेतलं. तिलाही घाई होती. आज कुणी तसंच विचारलं तर आजही मी तेच सांगीन.

तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं, आणि विद्यापीठात बाहेरदेशची पोरं लई यायची. येमेनची, सुदानची, सोमालियाची. आमचं घर बेगमपुऱ्यात, विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, म्हणून वरच्या दोन खोल्या आम्ही त्यांना भाड्यानं द्यायचो. आमचे हे एसटीतले कंडक्टर, रिटायर झालेले. सकाळी पेपर वाचायचे आणि दिवसभर माझ्या कामात चुका काढायचे. माझी दोन्ही पोरं नोकरीपायी बाहेरगावी. पण पोरं जवळ नाहीत म्हणून ह्याला मी जवळ केलं असलं काही मनात आणू नका. मला हौस नव्हती. हा सुदानी तर डोक्याला तापच होता. नळ उघडा टाकायचा, जिन्यावर चपला, फोनवर बोलायचा तर असं की सगळ्या गल्लीला कळावं.

झालं काय, एकदा मी भाकरी थापत होते आणि हा भाडं द्यायला खाली आला. तव्यावरची भाकरी बघून जागेवरच उभा राहिला. म्हणाला, "ये क्या है, ज्वारी?" मी म्हटलं, व्हय, ज्वारीच. तर पठ्ठ्या सरळ चुलीपुढं मांडी घालून बसला. त्यांच्याकडंही ज्वारीच खातात म्हणे, फक्त पातळ करतात, कापडासारखी. तेव्हापासून रोज दुपारी खाली यायचा. मी ओरडायची, तुझं भाडं खोलीचं आहे, जेवणाचं नाय. तो हसायचा आणि "अम्मा, एक और" म्हणायचा. सगळीच भाडेकरू पोरं मला अम्मा म्हणायची, त्यात विशेष काही नव्हतं. पण बाकीचे म्हणून पुढं जायचे. हा म्हणून बसायचा.

मोटारसायकल दोस्ताची होती. जालना रोडवर घसरली. ऑपरेशन झालं, पण पोरगं शुद्धीवर आलं नाय. दोन-तीन दिवस काचेतून बघितलं, नळ्या लावलेल्या, डोक्याला हे एवढं पांढरं गुंडाळलेलं. चेहऱ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, ह्याचंच मला सारखं नवल वाटायचं. मग एक दिवस दुपारी गेलं. मी जेवायला घरी आले होते, तेवढ्यात गेलं.

त्याचा मोबाइल दवाखान्यानं माझ्याच हातात दिला होता. आईच ना मी! तो सारखा वाजायचा. पडद्यावर त्यांच्या लिपीत काहीतरी यायचं, मला वाचता येत नव्हतं, पण कळत होतं. आमच्या शेजारी एक उस्ताद राहायचे. आयुष्यभर मदरशात अरबी शिकवलेले, सत्तरीचे, तोलून-मापून बोलणारे. पोरगं गेलं त्याच दुपारी मी तो वाजता फोन तसाच घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हटलं, उस्ताद, मुझसे नै होता, तुम्हीच बोला.

उस्तादांची अरबी किताबातली, आणि पलीकडची बाई, त्याची आई, आपल्या घरच्या बोलीत बोलणारी. दोघांना एकमेकांचं अर्धंच कळत होतं. पण ज्या गोष्टीला शब्द लागत नाहीत ती कळलीच. मग तिनं एकच वाक्य सांगितलं आणि तेच तीनदा सांगितलं. उस्तादांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "भाभी, वो बोल रई, मेरेकू उसका चेहरा देखना है. मिट्टी देने से पैले एक बार."

"बोलो, भेजती मैं," मी म्हणाले.

"सोच के बोलो, भाभी."

"बोला ना!"

बोलले ते. आणि मी अडकले ती तिथंच. दवाखान्यातली सही परवडली, तिथं निदान मला अक्कल वापरायला वेळ नव्हता. इथं उस्ताद समोर उभे राहून सोच के बोलो म्हणत होते.

त्या संध्याकाळी मशिदीतली चार बुजुर्ग माणसं आमच्या ओसरीवर आली. आमचे हे लगबगीनं खुर्च्या आणायला गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परदेशी असला तरी मुसलमान पोरगा आहे, कबरस्तानात जागा देतो, कफन आमचं, उद्या जोहरच्या, दुपारच्या नमाजानंतर दफन करू. मय्यत अशी ताटकळत ठेवत नाहीत. उस्ताद त्यांच्यातच बसलेले, मान खाली घालून. त्यांनाही तेच पटत होतं, मला दिसत होतं ना. मी म्हटलं, तुमचं सगळं खरं आहे, तुमचे उपकार आहेत, पण त्याच्या आईला मी शब्द दिलाय. एक जण म्हणाला, "बहन, उसकी माँ को क्या मालूम यहाँ के दफ्तर कैसे हैं." खरं बोलला बिचारा. मलासुद्धा मालूम नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मुंबईचा एक एजंट वरच्या भाडेकरू पोरांनी शोधून काढला, मयत विमानानं पाठवायचंच काम करणारा. तो फोनवर भाजी सांगितल्यासारखं सांगायचा: मृत्यूचा दाखला, पोलिसांची ना-हरकत, दूतावासाचं पत्र, मग प्रेत कुजू नये म्हणून त्यात औषध भरल्याचं सर्टिफिकेट, मग पेटी. पेटी जस्ताच्या पत्र्याची, कथलाचा डाग देऊन बंद केलेली. "सब पेपर मिलने चाहिए, आंटी, एक नुक्ता इधर-उधर नहीं." मी म्हटलं, मिळतील की. न मिळायला काय झालं?

न मिळायला मीच झाले होते. दवाखान्यानं माझं नाव आई म्हणून लिहिलेलं. पोलिसांनी पंचनामा करताना तेच उतरवलेलं. महानगरपालिकेनं दाखल्यावर तेच चढवलेलं: आईचं नाव म्हणून माझं नाव, माझ्या नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. आणि दूतावासाकडं असलेल्या कागदांवर त्याची खरी आई. दिल्लीहून विचारणा आली, ही बाई कोण? हा मृतदेह आमच्याच माणसाचा कशावरून? खुलासा होईपर्यंत काही होणार नाही.

दवाखाना म्हणाला, नातेवाइकानं सांगितलं ते आम्ही लिहिलं, पोलिसांचं पत्र आणा, मग बदलू. पोलीस म्हणाले, आम्ही दवाखान्याचं बघून लिहिलं, त्यांनी आधी बदलावं. महानगरपालिकेतल्या माणसानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "दोन्ही आणा, मावशी. तोवर आमच्या दृष्टीनं तुम्हीच आई." मी म्हटलं, मग मी आई आहे तर माझं लेकरू माझ्या ताब्यात द्या! तो म्हणाला, "ते परदेशी आहे." मी म्हटलं, मग मी परदेशी पोराची आई कशी? तो म्हणाला, "तेच तर दिल्ली विचारतीय." कपाळ माझं! त्या खिडकीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

ह्या तीन जागांच्या मधेच मी फिरत होते. रिक्षात बसलं की वाटायचं, सुटले; उतरलं की तीच खिडकी. पोलीस ठाण्यात एका तरण्या फौजदारानं मला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग गोड आवाजात विचारलं, "ताई, मुलाच्या नावावर काही विमाबिमा आहे का? तुमचं नाव वारस म्हणून लागलंय का कुठं?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, साहेब, तुमची आई जिवंत आहे ना? तिला विचारा घरी जाऊन, असल्या वेळी बाई काय करते ते. तो चमकला, पण ताठा सोडला नाही. "चौकशी पूर्ण होईस्तोवर गाव सोडून जायचं नाही," म्हणाला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कन्नडला माझ्या भावाच्या पोरीचं लग्न. मी एकुलती एक आत्या. हळदीला माझ्याशिवाय पान हलायचं नाही. भावाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, एक विचारू का? रागावू नको. तुला सुतक तर नाय ना धरायचं?"

"मला कशाचं सुतक?"

"नाय, तुझ्या वहिनीचं म्हणणं, कागदावर तू आई लावलीस म्हणतात. आणि रोज मुडदाघरात जाणं-येणं आहे. लग्नाचं घर आहे, म्हणून आपलं विचारलं."

मी फोन ठेवला. पोलीस म्हणे तू आई नाहीस, गाव सोडू नको. भावजय म्हणे तू आई आहेस, लग्नाला येऊ नको. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले, नळ सोडून, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये. ह्यांना ऐकू गेलंच. बाहेरून म्हणाले, "मी तेव्हाच म्हणालो होतो." काय म्हणाले होते देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, पिशवी घेऊन तयार. "तू पोलिसांकडं जा, महानगरपालिकेच्या रांगेत मी थांबतो. बायामाणसाला पुढं सरकू देत नाहीत," म्हणाले. त्या माणसाबरोबर जन्म काढला, पण असं तो दोन-चार वेळाच बोलला असेल.

तिकडं पोरगं बर्फाच्या कपाटात. औषध भरायचं ते ना-हरकत आल्याशिवाय डॉक्टर भरणार नाहीत, आणि ना-हरकत माझ्या नावापाशी अटकलेली. उन्हाळ्याचे दिवस, लोडशेडिंग चालू. मुडदाघरातला माणूस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मावशी, उरका लवकर. मशीनचा भरवसा नाय." मध्येच सुट्ट्या आल्या, सगळी दफ्तरं बंद. त्या सुट्टीत मी घरात भांडी घासत होते, घासलेलीच परत घासत होते. वीज गेली की हात थांबायचे. आमची वीज गेली म्हणजे तिथली गेली असं नसतं, दवाखान्याला जनरेटर असतो, हे मला कळत होतं. पण वीज येईपर्यंत हातातलं भांडं तसंच राहायचं.

त्याची आई रोज फोन करायची. रोज एकच विचारायची, निघाला का? उस्ताद सांगायचे, उद्या. एकदा फोन बंद करून मला म्हणाले, "भाभी, उम्रभर मैंने झूट नै बोला. तुम्हारे वास्ते रोज बोल रा हूँ." मी म्हटलं, झूठ नाय ते, उस्ताद, आशा आहे. ते नमाजाला निघून गेले.

शेवटी तोड सांगितली ती कोर्टाजवळच्या एका वकिलानं. म्हणाला, प्रतिज्ञापत्र करा. तुम्हीच लिहून द्या की मी त्याची आई नाही, मग सगळे बदलतील. एवढं सोपं? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता करा. टायपिस्टनं खटाखट कागद काढला आणि वकिलानं वाचून दाखवला: "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, मयताशी माझे रक्ताचे, लग्नाचे, दत्तकाचे किंवा अन्य कोणतेही नाते नाही व नव्हते. तसेच त्याच्या पार्थिवावर माझा कोणताही हक्क नाही व राहणार नाही."

मी म्हटलं, "आई नाही एवढं पुरे ना? ते कोणतंही नातं नाही कशाला? आमच्या घरी राहत होता तो."

"ते नातं नसतं, ताई."

"आणि नव्हतं कशाला?"

"मसुदा तसाच असतो. अर्धवट लिहिलं तर परत विचारतील. परत आठ दिवस." वकील काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं. मला विचार करायला सवडही दिली, पण विचार कसला करणार? तिकडं एक बाई चेहरा बघायला बसलीय. केली सही. दवाखान्यातली सही एका झटक्यात झाली होती, ह्या वेळी अक्षर असं आलं की वकील म्हणाला, एकदा परत करा, जुळली पाहिजे. मी परत केली.

मग सगळं झरझर झालं. मोठी माया त्या कागदाची. ज्या खिडक्यांनी मला इतकं फिरवलं त्यांनी तो बघून मटामट शिक्के मारले. दिल्लीहून पत्र आलं, औषध भरलं, मुंबईचा एजंट गाडी आणि पेटी घेऊन आला. पेटी बंद करताना आपण थांबायचं, चेहरा नीट बघून घ्यायचा आणि त्याच्या आईला सांगायचं, तो येतोय, असं मी मनात ठरवलं होतं. सकाळी अंघोळ करून गेले. उस्ताद बरोबर होते.

मुडदाघराच्या मागच्या दाराशी हवालदार उभा. हातात फाइल. आत एजंट आणि डाग देणारा कारागीर गेलेला. मी पायरी चढले तर हवालदार आडवा झाला.

"मावशी, आत फक्त नातेवाईक, नाहीतर दूतावासानं नेमलेला माणूस."

"अहो, मीच आणलंय त्याला इथवर!"

त्यानं फाइल उघडली. सगळ्यांत वर माझंच प्रतिज्ञापत्र. त्यानं बोट ठेवलं. "तुम्हीच लिहून दिलंय ना?" उर्मटपणे नाही म्हणाला, ओशाळूनच म्हणाला. "उद्या कुणी काढलं तर माझ्यावर येईल. आधीच तुमच्या केसमध्ये लई लिखापढी झालीय."

मी भांडले. हात जोडले. उस्तादांनी सांगून बघितलं, तर तो म्हणाला, चाचा, तुम्हीपण नातेवाईक नाही. दार आतून लागलं. मी दारावर थापा मारल्या, आतून कुणी ओ दिली नाही. मग डाग देण्याचा वास आला, जळक्या कथलाचा, आणि मी पायरीवर बसले. उस्ताद भिंतीकडं तोंड करून पुटपुटत उभे होते. पेटी बाहेर आली तेव्हा वर जाडं कापड शिवलेलं होतं, त्यावर काळ्या शाईनं नाव. मी हात लावेपर्यंत गाडीत गेलीसुद्धा.

पेटी सुदानला पोहोचल्याचं एजंटानं कळवलं. मला वाटलं, चला, फिटलं. बघितला असेल तिनं. आता फोन येणार नाही. भावाच्या घरी जाऊन नव्या नवरीला साडीचोळी करून यावं म्हणून मी पिशवी भरत होते, तर उस्तादांचा नातू बोलवायला आला. सुदानहून ह्या वेळी उस्तादांच्याच नंबरवर फोन आला होता. मी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसले. उस्ताद ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"भाभी, उसकू नै दिखाया."

"म्हणजे?"

"उसके देवर लोगां थे. बोले, इतने दिन हुए, अब पेटी नै खोलना. वैसाच दफन कर दिए." ते थांबले, परत फोन कानाला लावला, परत खाली घेतला. "पूछ रई है, पेटी बंद हुई तब तुम पास थे क्या?"

मी उस्तादांकडं बघितलं. पेटी बंद झाली तेव्हा आम्ही दाराबाहेरच्या पायरीवर होतो, हे आम्हां दोघांनाच माहीत. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अब मेरेकू मत बोलने लगाओ, भाभी."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते. तुम्ही फक्त मी काय बोलले ते सांगा." आणि मी म्हणाले, "होते."

त्यांनी सांगितलं. पलीकडून लगेच सवाल आला. चेहरा कसा होता? मी म्हटलं, कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. दाढी वाढलेली होती थोडी. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचा ना, तसाच होता, तोंड जरासं उघडं, एक भुवई वर. तिनं विचारलं, आणि डोळे? म्हटलं, मिटलेले. उस्ताद एकेक करून सांगत होते, माझ्याकडं न बघता. मग तिनं आणखी एक विचारलं. ते ऐकून उस्तादांनी डोळ्यांवर हात धरला.

"पूछ रई, किसने बंद किए?"

"मी," मी म्हणाले. "ह्या हातानं."

उस्तादांनी शब्दाला शब्द सांगितला. इतक्या दिवसांत ती बाई फोनवर एकदाही रडली नव्हती. आता ती रडायला लागली, मोठ्यानं, आपल्याकडं बाया मयताच्या उशाशी बसून रडतात तशी, मधे मधे काही बोलत, त्याचं नाव घेत. उस्तादांना ते ऐकवेना. फोन माझ्या हातात देऊन ते आत गेले. मी तो कानाला धरून ओट्यावर बसून राहिले. ती काय बोलते त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं. मी आपली हूं, हूं करत होते.